पद्मिनी आणि डिझायर: गाडीचा कुंभार कोण?

पद्मिनी चांगली की डिझायर, हा वाद कट्ट्यावर कधी संपत नाही. एक म्हणतो जुन्याचा पत्रा जाड, दुसरा म्हणतो नव्याचा एसी गार. दोघंही आपापल्या परीने खरे. पण आपले नैयायिक घट समोर ठेवून विचारतात तसं विचारू या: माती कळली, कुंभार कोण? माझं म्हणणं असं, की या दोन्ही गाड्यांच्या बाबतीत निम्मा कुंभार दिल्लीत बसलेला होता.

वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 निघू लागली. 1964 ची 'डिलाइट' हीच पुढे दहाएक वर्षांनी 'पद्मिनी' झाली. बारसं नवं, बाळ तेच! 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला लागून गिअरचा दांडा. इटलीत साठच्या दशकातच थांबलेला हा नमुना आपल्याकडे शतक संपेपर्यंत चालला. गाड्या किती बनवायच्या ते परवान्यावर, परकीय चलन तुटपुंजं, किमतीवर सरकारचा हात. गाडीची 'वाजवी किंमत' कोणती, हा प्रश्न सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षं बसलेलं. अशी रांग दारात असताना नवा साचा कोण कशाला टाकेल?

आता डिझायर घ्या. 2006 च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 वर आलं. छोटी कोणती? लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल असेल तर 1500. झालं! 2008 ची पहिली डिझायर 4160 मिलिमीटर होती. 2012 ची आली ती 3995. डिकी कापून. ती गाडी मागून जरा आखूड, बसकी दिसते ना, ती त्या 165 मिलिमीटरच्या कपातीपायी. 'कॉम्पॅक्ट सेडान' हा आपल्याकडचा वर्ग करवसुलीच्या रेषेने जन्माला घातलेला आहे. गंमत अशी, की पद्मिनी चार मीटरच्या आत आणि 1200 सीसीच्याही आत. तिला ही सवलत जन्मजात मिळाली असती.

परवाना राजवटीला शिव्या घालणं सोपं आहे, आणि बऱ्याच अंशी ते योग्यही आहे. पण गाडी तीन-चार दशकं बदलली नाही, म्हणून तिची विद्या रस्त्यावर उतरली. कार्ब्युरेटर उघडून साफ करणं, पॉइंट घासणं, हे शाळा न पाहिलेला पोरगा उस्तादाच्या हाताखाली शिकायचा आणि पुढे स्वतःचं गॅरेज टाकायचा. मुंबईची काळी-पिवळी अशा हातांवर चालली. 2023 च्या ऑक्टोबरअखेर शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी उतरली ती 20 वर्षांच्या वयोमर्यादेमुळे.

डिझायरमध्ये बिघाड आधी स्कॅनर वाचतो. एअरबॅग, एबीएस आता कायद्याने सक्तीचे आहेत. हायवेवर घरच्यांना बसवायचं तर मी नव्या गाडीतच बसवीन, यात वाद नाही. मात्र त्या स्कॅनरची किल्ली गल्लीतल्या गॅरेजवाल्याला कोणत्या अटीवर मिळावी, हा प्रश्न एअरबॅगइतकाच कायद्याचा आहे. त्यावर आता आपण बोलू या.