तळीराम कोण, वाइनप्रेमी कोण

नाशिकच्या बातम्यांत ३१ डिसेंबरला पोलीस पकडतात ते ‘तळीराम’. गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळ्यांत पेले भरतात ते मात्र ‘वाइनप्रेमी’. मद्यप्याचं नाव किती प्यालास यावरून नव्हे, काय आणि कुठे प्यालास यावरून ठरतं, असं मला वाटतं. तळीराम हे राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तलं पात्र. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या त्या शोकांतिकेत नायक सुधाकराला प्याल्याची वाट दाखवणारा तळीराम स्वतःही दारूनेच संपतो. मथळ्यांनी त्यातलं हसू तेवढं ठेवलं. तळीराम हे नाव रुळायला नाटकाची लोकप्रियताच कारण, असं कोणी म्हणेल. ते खरंच, पण मग हे नाव वाइन पिणाऱ्याला का चिकटलं नाही?

उत्तराचा एक धागा कायद्यात आहे. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने महसुलापायी दारू गाळण्यावर सरकारी पकड घट्ट केली आणि नाशिकच्याच पेठ भागात घरची मोहाची दारू पुढे गुन्हाच ठरली. १९४९च्या दारूबंदी कायद्याने पिणाऱ्यालाही परवाना लावला. परवाना वाइनलाही लागतो म्हणा, पण तो बाळगणाऱ्याला बेवडा कोण म्हणणार?