आशियाई फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धा, १६ वर्षांखालील (गोवा, २०१६)

आशियाई फुटबॉल महासंघाची सोळा वर्षांखालील मुलांच्या राष्ट्रीय संघांसाठीची, १५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०१६ या काळात गोव्यात झालेली स्पर्धा.

उगम : या वयोगटाची पहिली आशियाई स्पर्धा १९८५ मध्ये कतार येथे झाली, तीत सौदी अरेबिया विजेता ठरला. याच देशाने १९८९ मध्ये स्कॉटलंडमधील सोळा वर्षांखालील जागतिक स्पर्धाही जिंकली.

स्वरूप : सामने फातोर्डा (मडगाव) व बांबोळी येथील मैदानांवर झाले. सोळा संघांचे चार गट होते. प्रत्येक गटातील पहिले दोन संघ उपांत्यपूर्व फेरीत गेले. इराक, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, ओमान व येमेन हे पाच अरब संघ सहभागी होते. यजमान भारताने सौदी अरेबियाशी ३–३ बरोबरी साधली. अमिरातीकडून २–३ व इराणकडून ०–३ असा पराभव पत्करला. उपांत्य फेरीत इराकने जपानला ४–२ ने हरवले. अंतिम सामना गोलशून्य राहिल्यावर इराकने इराणवर पेनल्टी शूटआउटमध्ये ४–३ अशी मात केली. इराकचा मोहम्मद दाऊद सहा गोलांसह सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला.

महत्त्व : इराकचे या वयोगटातील हे पहिले आशियाई अजिंक्यपद होय. इराक, इराण, जपान व उत्तर कोरिया हे उपांत्य फेरीतील संघ भारतातील २०१७ च्या विश्वचषकास पात्र ठरले (पहा : विश्वचषक फुटबॉल, १७ वर्षांखालील, नवी मुंबई). त्या स्पर्धेत इराकचे आव्हान फातोर्डा येथेच मालीकडून १–५ अशा पराभवाने संपले.