बडाखाना, पानिपत आणि पोटाचा हिशेब

चंदीगडची पोस्टिंग आली तेव्हा आईने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "तिकडं भाकरी मिळती का रं?" नाही मिळत. मिळतो तो आलूचा पराठा, त्यावर लोण्याचा गोळा, सोबत दाल मखनी आणि वर मोठा गिलास लस्सी. आम्हा सातारकडच्या माणसांना पहिले पंधरा दिवस हा स्वर्गच वाटतो. सोळाव्या दिवशी पोट बोलायला लागते.

माझे पोट बोलले ते बडाखान्याच्या रात्री. मटण, पुरी, वर गाजर हलवा, आणि जवानांनी आग्रह केला म्हणून पुन्हा मटण. अकराला आडवा झालो. एक वाजता छातीत आग, घशाशी आंबट पाणी. एमआय रूम गाठली. तरुण डॉक्टर मॅडमनी आधी ईसीजी काढला. तो ठीक आला, मग गोळी दिली आणि विचारले, "साहब, पीटी कब से बंद है?" मी म्हणालो, घुडघ्यामुळे दोन वर्षे झाली, आता ऑफिसचेच काम. त्या म्हणाल्या, "और थाली? वो कब छोटी की?"

उत्तर नव्हते. विशीत डोंगर चढणाऱ्या शिपायाला जेवढे लागायचे, तेवढेच मी पन्नाशीजवळ खुर्चीत बसून खात होतो.

पुढच्या रविवारी पानिपतला गेलो. इथून साधारण 160 किलोमीटर. अंबाला, कर्नाल करत रस्ता सरळ काला अंबच्या स्मारकापाशी नेतो. मराठी माणूस तिथे गेला की मुकाट उभा राहतो. मीही राहिलो. पण या वेळी डोक्यात तोफा नव्हत्या, पोट होते.

आपल्या फौजेची मूळची ओळख हलक्या पोटाची. घोड्यावर चालता चालता ज्वारीची कणसे हातावर चोळून खाणाऱ्या पहिल्या बाजीरावाची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. खरी-खोटी असो, तिच्यातली सवय खरी होती. थोडे खायचे, कमी न्यायचे, लांब पळायचे. 1728 साली पालखेडला बाजीरावाने निजामाला याच बळावर अडकवले. निजामाची फौज जड. तिचे दाणा-पाणी तोडले आणि तिला तहाला यावे लागले.

बत्तीस वर्षांनी डाव उलटला. ऑक्टोबर 1760 मध्ये भाऊसाहेबांनी कर्नालजवळचा कुंजपुरा घेतला. तिथे धान्याचा मोठा साठा हाती आला. पण त्याच महिन्यात अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो आपल्या आणि दिल्लीच्या मध्ये येऊन बसला. आता जड आपण होतो. तोफखाना, डेरे, बायका-मुले, यात्रेकरू, बाजारबुणगे. खाणारी तोंडे लढणाऱ्या हातांपेक्षा जास्त. दुआबातून रसद जमवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. इथून जवळच्या पतियाळ्याच्या आलासिंगाने धान्य पुरवले, पण पुढे तीही वाट बंद झाली. पालखेडला आपण निजामाचे जे केले, ते पानिपतला अब्दालीने आपले केले.

काशिराज पंडित हा दक्षिणी ब्राह्मण शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, म्हणजे समोरच्या छावणीत. त्याने लिहून ठेवले आहे की शेवटच्या रात्री, उरलेले धान्य वाटून सगळ्यांनी एकदा पोटभर जेवावे, असा हुकूम झाला. 14 जानेवारी 1761 च्या पहाटे फौज बाहेर पडली. दुपारपर्यंत झुंजली. किती आठवड्यांच्या उपासावर, याचा विचार केला की घशात घास अडकतो.

एका जेवणाने महिन्यांची भूक भरून निघत नाही. उलट उपाशी देहाला अचानक जड अन्न सोसत नाही. एप्रिल 1945 मध्ये ब्रिटिश फौजेने जर्मनीतली बेर्गन-बेल्सनची छळछावणी मोकळी केली. सैनिकांनी कळवळून आपले डबाबंद रेशन कैद्यांना दिले आणि ते खाऊन कित्येक जण दगावले. भुकेल्याच्या पोटाला आधी थोडे आणि हलकेच द्यावे लागते. भरल्या पोटाचेही तसेच. तुपा-लोण्याचे जेवण जठरात जास्त वेळ थांबते. त्यावर लगेच आडवे झालो की आम्ल वर चढते. पोटाला शौर्य कळत नाही, हिशेब कळतो.

पंजाबी जेवणाला मी नावे ठेवत नाही. पहाटेपासून नांगर धरणाऱ्या जाटाने ते खाल्ले आणि जिरवले. चूक आपली. नांगर सुटला, पिट्टू उतरला, पण ताट तेच राहिले.

परत आल्यापासून रात्रीचे जेवण साडेसातला उरकतो. दोन फुलके, डाळ, भाजी. मग सुखना तलावाच्या काठाने चालतो. लस्सी दुपारीच, तीही अर्धा गिलास. बडाखान्याला जातो, पण आग्रह करणाऱ्या पोराला म्हणतो, "बेटा, मी पानिपत बघून आलोय."

आता माजी सैनिक भावांसाठी एक गोष्ट, हसण्यावारी नेऊ नका. माझा एक बॅचमेट पेन्शनवर गेल्यावर वर्षभरात गेला. लग्नाचे जेवण झाले, छातीत जळजळ झाली, पित्त म्हणून सोडा पिऊन झोपला. सकाळी उठला नाही. डॉक्टर मॅडमनी गोळीच्या आधी ईसीजी का काढला, ते मला त्याच रात्री उमगले. जेवणानंतर छाती जळली, सोबत घाम आला, दम लागला, हात किंवा जबडा दुखला तर सोडा शोधू नका, दवाखाना गाठा.

रसद संपली म्हणून आपली माणसे गेली. ताट भरलेले आहे म्हणून आपण जाऊ नये.

जय हिंद.