पाच हजार फूट सोडताना

बुलढाण्यात बसून फ्लाइट सिम्युलेटरवर नागपूर ते मुंबई उड्डाण केले, की वाटेत आपलाच जिल्हा लागतो. डावीकडे लोणारचे विवर, उजवीकडे पूर्णेचे सपाट खोरे, त्यापलीकडे जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या माथ्यावर सातपुडा. इथवर डोंगरांची भीती नाही. भीती आहे ती शेवटच्या टप्प्यात. पठार संपते तिथे सह्याद्री उभा आहे आणि त्याच्या पायथ्याला थेट समुद्रसपाटीवरचे विमानतळ. पूर्वेकडून येणाऱ्या वैमानिकाला खाली उतरायची घाई नेमकी या भिंतीच्या अलीकडेच होते. ६ आणि ७ जुलै १९६२ च्या मधल्या रात्री अलितालियाच्या फ्लाइट ७७१ ने ती घाई केली. विमानात ९४ माणसे होती. खालच्या सगळ्या वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार आहेत.

रात्री ८.४५ च्या सुमारास

बँकॉकहून विमान सुटते. चार इंजिनांचे डग्लस डीसी-८, त्या काळातले नवे जेट. सिडनीहून निघालेला हा लांबचा प्रवास मुंबई, कराची, तेहरान करत रोमला संपायचा आहे. ८५ प्रवासी, ९ कर्मचारी. सुमारे ३६,००० फुटांवर बंगालचा उपसागर मागे पडत जातो.

आज सिम्युलेटरवरसुद्धा नकाशावर आपले चिमुकले विमान सरकताना दिसते, म्हणून १९६२ ची रात्र समजून घेताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. उपग्रहावरून जागा सांगणारी कोणतीही सोय तेव्हा प्रवासी विमानात नव्हती. वेग, दिशा, वारा आणि गेलेला वेळ यांचा हिशेब मांडायचा, जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवरून तो पडताळायचा आणि मग म्हणायचे, आपण इथे आहोत. पडताळणी राहिली, तर उरतो तो अंदाज.

रात्री ११ च्या सुमारास

मुंबईशी संपर्क होतो. विमान १२.१५ ला पोहोचेल, असे वैमानिक कळवतात. जुलैचा पहिला आठवडा आहे. घाटमाथ्यावर या दिवसांत ढग असतात आणि त्यात मध्यरात्र. कॉकपिटच्या काचेतून दिसण्यासारखे काही नाही. जे काही आहे ते काट्यांवर आणि नकाशावर.

रात्री ११.४५ च्या सुमारास

वेळ आणि वेग यांचा हिशेब घातला, तर या सुमारास विमान आपल्या जिल्ह्याच्या आसपासच्या आकाशात असणार. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून थोडे वर आहे. राजूर घाट चढून येणाऱ्याला हा चढ पुरेपूर कळतो. ३६,००० फुटांवरून जाणाऱ्याला तो नसल्यासारखाच. जिथे हे उड्डाण संपणार आहे ते जुन्नरचे डोंगर इथून पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जेटला वीस-पंचवीस मिनिटे.

रात्री ११.५० नंतर

खाली येण्याची परवानगी मिळते. आधी २०,००० फुटांपर्यंत, मग औरंगाबादच्या जवळपास असताना ४,००० फुटांपर्यंत.

या दुसऱ्या परवानगीपाशी मला थांबावेसे वाटते. ४,००० फुटांपर्यंत ये, याचा अर्थ ‘आत्ता, जिथे असशील तिथून ये’ असा होत नाही. वाटेतल्या प्रत्येक टप्प्याची एक किमान सुरक्षित उंची ठरलेली असते. त्या टप्प्यातल्या सर्वांत उंच अडथळ्याच्या वर सर्वसाधारण प्रदेशात १,००० फूट आणि डोंगराळ भागात २,००० फूट मोकळे आकाश, असा तिचा हिशेब. या भागात कळसूबाई ५,४०० फूट, हरिश्चंद्रगड साधारण ४,७०० फूट. नियंत्रकाने परवानगी दिली तरी ती किमान उंची पाळणे वैमानिकाचे काम होते.

सिम्युलेटरवर उडणाऱ्यांना हे वेगळे समजवायला नको. जुन्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमधला संगणकी नियंत्रक विमानाला बिनदिक्कत डोंगराच्या दिशेने वळवायचा, खाली ये म्हणायचा. आज्ञा पाळत राहिलेला खेळाडू थेट कड्यावर जायचा. नियंत्रकाने सांगितलेला आकडा कानावर पडला, की तो आपल्या नकाशातल्या आकड्याशी ताडून पाहायचा, ही सवय सिम्युलेटरवरही लागू शकते आणि लागायलाच हवी.

रात्री ११.५८

विमान आता मुंबईच्या ॲप्रोच कंट्रोलशी बोलते आहे. हवेचा दाब सांगितला जातो, म्हणजे आल्टिमीटर समुद्रसपाटीपासूनची उंची बरोबर दाखवेल. आल्टिमीटर ती दाखवतोही. पण पायाखालची जमीन किती वर आली आहे, हे त्याच्यावर दिसत नाही. त्यासाठी आपण नक्की कुठे आहोत ते माहीत असावे लागते. वैमानिकाचा विचार सरळ धावपट्टी २७ वर, पूर्वेकडून पश्चिमेकडे तोंड करून उतरण्याचा आहे.

रात्री १२.०० ते १२.०८

विमान उतरत राहते.

एक साधा हिशेब इथे मांडून पाहा. जेट विमानाला सहज उतरायला दर १,००० फुटांमागे तीन नॉटिकल मैल, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर लागतात. मुंबई ८४ किलोमीटरवर, म्हणजे अपघाताच्या जागेइतकी दूर असेल, तर विमान १५,००० फुटांच्या आसपास हवे. पाच हजार फुटांवर यायची वेळ धावपट्टी २८ किलोमीटरवर आल्यावर, म्हणजे घाट ओलांडून कोकणात उतरल्यावर. हे विमान ८४ किलोमीटरच्याही पलीकडे होते आणि पाच हजारांवर आले होते. वैमानिकाच्या मनातले विमान मुंबईच्या वेशीवर होते आणि प्रत्यक्षातले जुन्नर तालुक्यात. ही चूक रेडिओ केंद्रावरून एकदा दिशा आणि अंतर ताडून पाहिले असते तर उघडी पडली असती. तशी साधने उपलब्ध होती.

रात्री १२.०८

वैमानिक कळवतो: पाच हजार फूट सोडतो आहे, आऊटर मार्करवर एक पूर्ण वळसा घेणार. आऊटर मार्कर म्हणजे धावपट्टीच्या काही किलोमीटर अलीकडचे रेडिओ खुणेचे ठिकाण. तिथे वळसा घेण्याची भाषा तोच करतो ज्याला ते ठिकाण अगदी समोर आले आहे असे वाटते. नियंत्रक विचारून खात्री करतो. उत्तर होकाराचे येते. दोन्ही बाजूंचा आवाज शांत आहे, कुणाला काही वावगे वाटत नाही.

रात्री १२.१०

जुन्नर भागातला दवंड्याचा डोंगर. उंची सुमारे ३,६०० फूट. विमान माथ्याच्या अवघे काही फूट खाली आदळते. ९४ पैकी कुणीही वाचत नाही.

चौकशीनंतर

भारतीय चौकशीने कारण स्पष्ट शब्दांत सांगितले. आपण कुठे आहोत याचा वैमानिकाचा हिशेब चुकला, तो मुंबईच्या प्रत्यक्षापेक्षा जवळ आहे असे समजला आणि रात्री, उपकरणांवर उडत असताना अकाली खाली उतरला. त्याला जोड तीन गोष्टींची: उपलब्ध दिशादर्शक साधनांनी जागा पडताळली नाही, ठरलेली किमान सुरक्षित उंची मोडली, आणि या मार्गावरच्या भूप्रदेशाची वैमानिकाला ओळख नव्हती.

विमान धडधाकट होते. इंजिने चालू होती, पंख जागेवर होते. म्हणूनच हा अपघात मला यंत्र बिघडल्याने होणाऱ्या अपघातांहून जास्त अस्वस्थ करतो. आणि तो एकटा नव्हता. त्याआधी १२ जुलै १९४९ ला, पावसाळ्यातच, केएलएमचे विमान घाटकोपरच्या टेकडीवर आदळले होते आणि ४५ जण गेले होते. जमीन जवळ येताच कॉकपिटमध्ये ‘पुल अप’ ओरडणारे यंत्र अमेरिकेने सक्तीचे केले ते व्हर्जिनियात डिसेंबर १९७४ मध्ये टीडब्ल्यूएचे विमान असेच अकाली उतरून डोंगरावर आदळल्यानंतर. सह्याद्रीत ४ ऑगस्ट १९७९ ला पुन्हा तेच झाले. पुण्याहून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ॲव्हरो विमान पनवेलजवळच्या डोंगरात कोसळले, ४५ मृत्यू.

तेव्हा नागपूर–मुंबई उडवणाऱ्या मित्रांनो, ‘क्रॅश’चा पर्याय बंद करून डोंगरातून आरपार जाऊ नका. तो चालू ठेवा. उड्डाणाआधी मार्गातली सर्वांत उंच शिखरे शोधून त्यात २,००० फूट मिळवा आणि तो आकडा कागदावर लिहून समोर ठेवा. मुंबईचे अंतर दोन वेगवेगळ्या साधनांवर सारखे दिसेपर्यंत त्या आकड्याखाली जाऊ नका, नियंत्रक काहीही म्हणो.