घडीची सायकल आणि तिची प्रवासी पेटी

घडीच्या सायकलचे महत्त्व आधी सैन्याने ओळखले. १८९०च्या दशकात फ्रेंच लष्करातील कॅप्टन आंरी जेरार यांनी मधोमध दुमडणारी सायकल पुढे आणली. पुढे इटलीच्या बेर्साल्येरी सैनिकांना ब्यांकी कंपनीच्या आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीसैनिकांना बीएसएच्या घडीच्या सायकली मिळाल्या. इथे सायकल हेच सामान होते. ती पाठीवर बांधायची, उतरल्यावर उलगडायची आणि पुढे निघायचे. तिला पेटीची गरज नव्हती.

ही गरज नागरी प्रवासाने निर्माण केली. १९७१ मध्ये ब्रिटनमध्ये हॅरी बिकर्टन यांची अॅल्युमिनियमची हलकी सायकल बाजारात आली. तिची पिशवी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. सायकल दुमडली की ती या पिशवीत जायची आणि चालवताना हीच पिशवी हँडलला लटकून स्वाराचे सामान वाहायची. सायकल मावते त्याच वस्तूत, सायकल बाहेर आल्यावर सामान ठेवायचे, ही कल्पना पुढच्या साऱ्या इतिहासाच्या मुळाशी आहे. बिकर्टनची सायकल पाहूनच लंडनच्या अँड्र्यू रिची यांनी १९७५च्या सुमारास आपल्या ब्रॉम्प्टनचे काम हाती घेतले. मात्र रोजच्या रेल्वेप्रवासात ब्रॉम्प्टन डब्यात तशीच उभी राहायची, त्यामुळे तिलाही पेटी अत्यावश्यक नव्हती.

पेटीचे माप खऱ्या अर्थाने विमान कंपन्यांनी ठरवले. लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १५८ सेंटीमीटरच्या आत असेल, तर सामान नेहमीच्या दराने जाते. त्यापलीकडे जादा आकार. मोठ्या सायकलचे टायरसह चाक सुमारे ६८ सेंटीमीटर व्यासाचे असते. ते मावणाऱ्या चौकोनी पेटीची लांबी-रुंदीच १३६ सेंटीमीटर होते आणि जाडीसाठी जेमतेम २२ उरतात. वीस इंची चाक मात्र साधारण ५० सेंटीमीटरचे असल्याने चौकट, हँडल आणि खोगीर यांनाही जागा राहते. दुमडलेली ब्रॉम्प्टन सुमारे ५८.५ × ५६.५ × २७ सेंटीमीटर, म्हणजे एकूण १४२ भरते. दूरच्या सहलींसाठी लहान चाके का टिकली, याचे मोठे कारण या बेरजेत आहे.

या बेरजेचा सर्वांत पद्धतशीर उपयोग अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या युजीन शहरात झाला. ॲलन आणि हान्झ शोल्त्झ या भावांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे बाइक फ्रायडे ही घडीची पर्यटन-सायकल बनवायला घेतली. ॲलन यांचा त्याआधी बर्ली कंपनीच्या उभारणीत सहभाग होता. सायकलमागे जोडायच्या गाड्यांसाठी नावाजलेली ही कंपनी बरीच वर्षे कामगारांच्या मालकीची सहकारी संस्था होती. गाड्यांचा हा अनुभव नव्या कामात उतरला. सायकल सॅमसोनाइटच्या कडक कवचाच्या सूटकेसमध्ये भरायची; मुक्कामी पोचल्यावर त्याच सूटकेसला सांगाडा आणि दोन छोटी चाके जोडायची, तिच्यात कपडे ठेवायचे आणि ती सायकलमागे ओढत न्यायची. रिकाम्या पेटीचे काय करायचे, या प्रश्नाला याहून नेमके उत्तर सापडणे कठीण.

सायकल पेटीत भरणे हे सावकाशीचे काम असते. पेडल काढावी लागतात. डाव्या पेडलचे आटे उलटे असल्याने पान्याची दिशा बदलते. पुढचे चाक निघते, हँडल सुटे होते, मागचा त्रिकोण चौकटीखाली दुमडतो. शेवटी पेटीच्या दोन बाजूंमध्ये टेकू बसवतात. वर दुसऱ्या बॅगा रचल्या गेल्या, तरी त्यामुळे झाकण दबून सायकलवर येत नाही.

१९९०च्या दशकातच कॅलिफोर्नियातील बॉब कंपनीचा एकचाकी गाडा लोकप्रिय झाला. तो मागच्या आसाला दोन्ही बाजूंनी अडकतो, सायकलबरोबर कलतो आणि अरुंद पायवाटेवर दुचाकी गाड्यापेक्षा सरस ठरतो. पण तो मोठ्या चाकांच्या सायकली डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला होता. लहान चाकाचा आस जमिनीच्या जवळ असल्याने गाड्याचे तोंड खाली झुकते. शिवाय विमानात त्याची वेगळी सोय पाहावी लागते. दुचाकी गाडा वळणावर जास्त जागा घेतो आणि समोरच्या वाऱ्यात पेटीची रुंदी जाणवते, पण थांबल्यावर तो स्वतः उभा राहतो.

सूटकेस-गाड्याची अडचण वाढवली ती वजनाच्या नियमांनी. पूर्वी अनेक मार्गांवर एका नगाला ३२ किलोपर्यंत मुभा होती. पुढे सर्वसाधारण मर्यादा २३ किलोवर आली. सायकल, कडक पेटी, सांगाडा आणि चाके एवढ्यात बसवणे अवघड, म्हणून गाड्याचे भाग दुसऱ्या बॅगेत गेले. २००८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने देशांतर्गत प्रवासात पहिल्या बॅगेलाही शुल्क लावले आणि दुसरी बॅग फुकट नेण्याचे दिवस अमेरिकेत मागे पडत गेले. पाठोपाठ मऊ पिशव्यांकडे ओढा वाढला. त्या हलक्या असतात आणि गुंडाळून कॅरिअरला बांधता येतात. मात्र धक्क्यापासूनचे संरक्षण कमी. कडक पेटी आजही टिकून आहे ती मुख्यतः फेरीच्या सहलींसाठी, कारण उतरल्या शहरातच परतायचे असेल तर ती मुक्कामाच्या जागी ठेवून निघता येते. एका शहरात उतरून दुसऱ्यातून परतणाऱ्याला मात्र ती आधीच पुढे पाठवावी लागते किंवा चाके लावून मागे ओढावी लागते.