अप्रीतीचा गुन्हा

१८९७ च्या सप्टेंबरात, मुंबईच्या उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर चाललेल्या खटल्याच्या अखेरीस, न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला एका इंग्रजी शब्दाचा अर्थ समजावून दिला. तो शब्द ‘डिसअफेक्शन’. मराठी कायदेग्रंथांत त्याला ‘अप्रीती’ म्हणतात. १८७० साली दंड संहितेत घातलेले राजद्रोहाचे कलम १२४-अ या एका शब्दावर उभे होते. अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. सरकारविषयीची कोणतीही दुर्भावना तीत येते, आणि लेखामुळे बंड झाले की नाही हा प्रश्नच नव्हे, असा स्ट्रॅची यांचा निर्वाळा होता. सहा युरोपीय ज्यूरर टिळकांना दोषी म्हणाले, तीन हिंदी ज्यूरर निर्दोष. शिक्षा दीड वर्षाची झाली.

१९०८ चा खटला याहून उद्बोधक आहे. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे ‘केसरी’तील अग्रलेख मराठी होते, आणि ज्यूरीपुढे ठेवले गेले ते त्यांचे इंग्रजी भाषांतर. टिळकांनी स्वतःच एकवीस तासांहून अधिक काळ भाषण करून आपला बचाव केला, आणि त्यात भाषांतराने मूळ शब्दांची धार कशी बदलली हे दाखवण्यावर मोठा भर दिला. ज्या भाषेत गुन्हा घडला म्हणावयाचे ती भाषाच न जाणणाऱ्यांनी लेखकाचा हेतू ठरवावयाचा, असा तो प्रकार होता. न्यायासनावर होते दिनशा दावर. १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी याच दावरांनी वकिली केली होती! सात विरुद्ध दोन मतांनी सहा वर्षांची हद्दपारी झाली. १९२२ साली अहमदाबादेस गांधीजींनी याच कलमाखालील गुन्हा कबूल केला आणि प्रीती कायद्याने उत्पन्न करता येत नाही, हे न्यायाधीशांना शांतपणे ऐकवले. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनीही टिळकांचाच दाखला समोर ठेवून सहा वर्षे दिली.

परकीय सत्तेला प्रजेच्या मनातील नावड हा गुन्हा वाटावा, हे समजण्यासारखे आहे. लोकशाहीत मात्र सरकार नावडणे हा मतदाराचा नित्याचा व्यवहार होय. त्याशिवाय सरकार बदलणार कसे? १ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत कन्हैयालाल मुनशी यांनी हाच मुद्दा मांडला. भाषणस्वातंत्र्याच्या मर्यादांतून ‘राजद्रोह’ हा शब्द वगळण्याची त्यांची दुरुस्ती मान्य झाली. संविधानातून शब्द गेला. दंड संहितेत तो जागच्या जागी राहिला.

मर्यादा कोठे आखावी, हा वाद लगेचच उभा राहिला. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकाला मद्रास सरकारने सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाखाली प्रांतबंदी केली. मे १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, कारण संविधानात तेव्हा ‘सुव्यवस्था’ हे कारणच नव्हते. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ते घातले, अपराधाची चिथावणीही घातली; मात्र निर्बंध ‘वाजवी’ असला पाहिजे, ही अटही जोडली. त्या एका विशेषणामुळे प्रत्येक निर्बंध न्यायालयात तोलून पाहता येऊ लागला, ही गोष्ट लहान नव्हे. त्याच चर्चेत पंतप्रधान नेहरूंनी १२४-अ हे कलम निंद्य असून ते जितके लवकर जाईल तितके बरे, असे सांगितले. पण ते गेले नाही.

बिहारमधील केदारनाथ सिंह यांच्या खटल्यात २० जानेवारी १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवले, परंतु त्याची व्याप्ती आवळली. हिंसेची चिथावणी वा सुव्यवस्था बिघडवण्याची प्रवृत्ती असेल तरच गुन्हा. सरकारवरील टीका, कितीही कडवट असली तरी, गुन्हा नव्हे. स्ट्रॅची यांचा अर्थ अशा रीतीने पासष्ट वर्षांनी निकालात निघाला. गंमत अशी की, केदारनाथांचे अपील मात्र फेटाळले गेले.

ही मर्यादा निकालपत्रात होती. अटक करणाऱ्या अंमलदाराच्या हाती असे ते कलम. १९७४ पासून, नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार, वॉरंटाशिवाय अटकेची मुभाही त्याला मिळाली. ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलमाचा वापर स्थगित केला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राजद्रोह हा शब्द नाही, अप्रीतीही नाही. तेथे कलम १५२ आहे, आणि त्यात ‘विध्वंसक कारवाया’ असे शब्द आहेत. त्यांची व्याख्या कलमात दिलेली नाही.