नाम, इस्म आणि संज्ञा

बीड जिल्ह्यांतील मराठी शाळेंत हिंदीचें व्याकरण सुरू झालें, कीं मुलाला पहिली ठेंच लागते ती लिंगविचाराची. घर, पाणी, दहीं, सोनें हीं सारीं त्याच्या घरीं नपुंसकलिंगी. हिंदींत तें लिंगच नाहीं. तेव्हां हीं मंडळी मुकाट्यानें पुल्लिंगी होऊन बसतात. आणि आपल्याला नियम सांपडला असें मुलाला वाटतें न वाटतें तोंच ‘पुस्तक’ आणि ‘नाक’ स्त्रीलिंगी होऊन तो नियम मोडून टाकतात. आवाज आणि विजय मराठींत पुल्लिंगी, हिंदींत स्त्रीलिंगी. उलट ‘मजा आली’ म्हणणाऱ्या मुलानें हिंदींत ‘मजा आई’ लिहिलें, कीं वहींत लाल रेघ उमटते, कारण हिंदींतील मजा पुल्लिंगी आहे. फार काय, हें सर्व ज्याला शिकावयाचें तें ‘मूल’च मराठींत नपुंसकलिंगी आणि हिंदींत ‘बच्चा’ झालें कीं पुल्लिंगी!

या अडचणींवरून हिंदी ही बीडच्या मुलाला अगदीं परकी, नवीन भाषा आहे असा समज सहज होतो. इतिहास तसें सांगत नाहीं. इ. स. १३२७ मध्यें महंमद तुघलकानें राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलविली, तेव्हांपासून उत्तरेकडील बोली दक्षिणेंत वस्तीला आली. या सुलतानाचा एक दांत बीडजवळ पडला आणि त्यानें तो समारंभानें पुरून वर घुमट बांधविला, अशी कथा फिरिश्त्यानें नमूद केली आहे. दांत गेला, बोली मात्र राहिली. मराठी, तेलुगु आणि कन्नड यांच्या शेजारांत वाढून ती ‘दखनी’ झाली. शेजाऱ्यांकडून तिनें पुष्कळ घेतलें. नकारार्थी ‘नक्को’ आणि जोर देण्याचा ‘च’ ही तिला मराठीचीच देणगी होय. बीडच्या बाजारांत, एस. टी. च्या थांब्यावर आणि वीटभट्टीवर मुलाच्या कानीं पडते ती ही बोली. शाळेंत येण्यापूर्वींच ती त्याला निम्मीशिम्मी येत असते.

येथेंच खरी गोम आहे. ‘मी आंबा खाल्ला’ असें मराठी मूल म्हणतें; त्या ‘मी’ला ‘ने’ लागत नाहीं. ‘रामानें आंबा खाल्ला’ येथें मात्र तो लागतो. हिंदींत ‘राम ने आम खाया’ आणि ‘मैंने आम खाया’ अशीं दोन्ही वाक्यें ‘ने’ घेतात. मूल ‘मैं आम खाया’ असें लिहितें. दखनी बोलणारा शेजारीहि बहुधा तसेंच बोलतो. एकाच चुकीला दोन्हीकडून पाठबळ मिळालें, म्हणजे ती सुटणें कठीण! पुढें ‘लाना’ या क्रियापदाची पाळी येते. ‘रामानें पुस्तक आणलें’ यावरून मूल ‘राम ने किताब लाई’ असें रचतें; हिंदी म्हणते, ‘राम किताब लाया’. येथें मराठीच्या बळावर केलेला तर्क मुलाला दगा देतो. हा अपवाद नुसता पाठ करून घेण्यापेक्षां दोन्ही वाक्यें फळ्यावर शेजारीं शेजारीं मांडणारा शिक्षक भाग्यानेंच लाभतो.

या भाषेचें व्याकरण बीडकडे प्रथम आलें तें हिंदी या नांवानें आलें नाहीं. बीड तेव्हां निजामाच्या राज्यांत, औरंगाबाद सुभ्यांत होतें. १८८४ मध्यें त्या राज्याच्या दरबारीं फारसीची जागा उर्दूनें घेतली. १९१८ मध्यें उर्दू माध्यमाचें उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. खालच्या वर्गांत मराठी चाले, पण उर्दू शिकावीच लागे आणि वर गेल्यावर बहुधा माध्यमच उर्दू होई. औरंगाबादेस शाळाखात्याचे वरिष्ठ अधिकारी होते मौलवी अब्दुल हक. त्यांचें ‘कवायदे उर्दू’ हें व्याकरण १९१४ मध्यें प्रसिद्ध झालें. उर्दू व्याकरणाच्या परिभाषेंत नामाला ‘इस्म’, सर्वनामाला ‘जमीर’, विशेषणाला ‘सिफत’ आणि क्रियापदाला ‘फेल’ म्हणतात. परीक्षेंत फेल होण्याचा अर्थ ठाऊक असणाऱ्या मुलाला ही शेवटची संज्ञा कशी वाटली असेल, याची कल्पना करतां येते.

सहाच वर्षांनीं, १९२० मध्यें, काशीच्या नागरीप्रचारिणी सभेनें कामताप्रसाद गुरु यांचें ‘हिंदी व्याकरण’ प्रसिद्ध केलें. शाळेंत आज शिकविल्या जाणाऱ्या हिंदी व्याकरणाची मांडणी बव्हंशी याच ग्रंथावरून उतरलेली आहे. गुरु हे सागरचे; आणि सागर म्हणजे पेशव्यांच्या गोविंदपंत बुंदेल्यांचें ठाणें. आपल्या ग्रंथासाठीं त्यांनीं ज्या व्याकरणांचा आधार घेतला, त्यांत मोरो केशव दामले यांचें १९११ चें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रमुख होतें, आणि तें ऋण त्यांनीं उघडपणें मान्य केलें आहे. म्हणजे बीडच्या मुलाला परकें वाटणारें हिंदी व्याकरण अर्धेंअधिक मराठी घरांतूनच गेलेलें! फक्त परत येतांना तें ‘नामा’ला ‘संज्ञा’ म्हणूं लागलें. मराठी व्याकरणांत संज्ञा म्हणजे पारिभाषिक शब्द. त्यामुळें गोंधळ वाढला.

अब्दुल हक आणि गुरु या दोघांनीं लिपी व परिभाषा निराळी ठेवून वर्णन केलें तें मुळांत एकाच बोलीच्या सांगाड्याचें. परंतु बीडमध्यें एक व्याकरण सरकारी सक्ति म्हणून आलें आणि दुसरें स्वातंत्र्याच्या ओढीबरोबर. खासगी शाळा काढण्यास सरकारी परवानगी लागे, अशा त्या काळांत अंबाजोगाईची, म्हणजे तेव्हांच्या मोमिनाबादची, योगेश्वरी शाळा मराठी मुलांचा मोठा आधार झाली. स्वामी रामानंद तीर्थ १९३८ च्या सत्याग्रहापूर्वीं कांहीं वर्षें याच शाळेंत शिकवीत होते. १९३५ मध्यें हैदराबादेंत हिंदी प्रचार सभा स्थापन झाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची सत्ता संपली. पुढील वर्षीं १४ सप्टेंबरला घटनासमितीनें देवनागरी लिपींतील हिंदीला संघराज्याची राजभाषा ठरविलें. शाळेंतील उर्दूची जागा हिंदीकडे गेली. ‘इस्म’ पाठ केलेल्या बापाचीं मुलें ‘संज्ञा’ पाठ करूं लागलीं. ज्या उर्दूनें बापाला ‘ने’चा उपयोग शिकविला होता, ती मुलाच्या कामीं कोणीं आणलीच नाहीं, जुन्या सक्तीच्या रागांत तें सुचण्यासारखेंहि नव्हतें.

१९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आणि १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. हिंदी पांचवीपासून, हा क्रम पुढें दीर्घकाळ चालला; पाठ्यपुस्तक ‘सुलभभारती’. बीडच्या बाबतींत त्यांत एक निराळी अडचण आहे. या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला घर सोडतात आणि हंगाम संपल्यावर परततात. त्यांच्याबरोबर गेलेलीं मुलें वर्गांत परत येतात, तेव्हां ‘ने’चा पाठ होऊन गेलेला असतो.

१६ एप्रिल २०२५ रोजीं महाराष्ट्र शासनानें मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करण्याचा निर्णय काढला. विरोध झाला, १७ जूनला सुधारित निर्णय निघाला, आणि २९ जूनला दोन्ही मागें घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमण्याचें जाहीर झालें. वाद सारा रंगला तो इयत्तेवर. सहा वर्षांचें मूल कानानें दुसरी भाषा उचलूं शकतें, हें बीडच्या बाजारांत कोणासहि दिसतें. पण तें वय ‘तें घर’ आणि ‘ती भिंत’ यांतील भेद व्याकरण म्हणून ओळखण्याचें नव्हे. स्वभाषेंतील तिसरें लिंग ज्याला अजून कोणीं दाखविलेलेंच नाहीं, त्याला तें हिंदींत नाहीं हें सांगून काय समजणार? आणि ‘मैं आम खाया’ असें लिहिणाऱ्या मुलाला ती चूक कोठून आली हें सांगणारें पान त्याच्या पुस्तकांत कोठें घालावें, हा प्रश्न त्या सबंध वादांत क्वचितच ऐकूं आला.